सुगंधाताईंचं बंद झालेलं कार्ड

"चेक आज मिलनार ना, म्याडम?" सुगंधाताईंनी पुन्हा एकदा विचारलं, आणि त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर त्यांची फाईल लाल झाली.

आमच्या सिस्टीममध्ये फाईलला तीन रंग असतात. हिरवी म्हणजे जाऊ द्या. पिवळी म्हणजे वरच्या कुणाची तरी सही घ्या. लाल म्हणजे हात लावू नका. ही फाईल महिनाभर हिरवीगार होती. कर्ज मंजूर झालेलं, कागद तपासलेले, वकिलाचा रिपोर्ट आलेला. फक्त चेक काढायचा बाकी होता.

मी एका हाउसिंग फायनान्स कंपनीच्या पनवेल शाखेत क्रेडिट मॅनेजर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर सेल्सची माणसं गिऱ्हाईक घेऊन येतात आणि त्याला कर्ज द्यायचं की नाही ते मी ठरवते. त्यामुळे ऑफिसात माझ्याबरोबर डबा खायला कुणी फारसं उत्सुक नसतं. मला त्याचं काही वाटत नाही. शांतपणे जेवण होतं.

"ताई, जरा थांबा," मी म्हटलं. "सिस्टीममध्ये काहीतरी आलंय."

"काय आलंय?"

"तेच बघतेय."

सुगंधा नाखवा उरणजवळच्या करंजाच्या. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि टेम्पोने उरण-पनवेलच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा धंदा. रिटर्न दरवर्षी भरलेले, बँकेचे व्यवहार स्वच्छ. मुलगी पूनम बेलापूरला एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. दोघींचं उत्पन्न एकत्र धरून कर्ज बसत होतं. नुसत्या पूनमच्या पगारावर बसत नव्हतं, हे इथेच सांगून ठेवते, कारण ही गोष्ट ऐकणारे सगळे मला तेच सुचवतात.

घर हवं होतं ते दामोदर नाखवांसाठी. सुगंधाताईंचे यजमान. हयातभर बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारा आणि खलाशांचा म्होरक्या. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस. मशीनवरचा वेळ ते सोसायचे, पण परतीचा रस्ता त्यांना सोसवत नव्हता. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको. गाडी तासन्‌तास अडकायची. पाय वळायचे, उलट्या व्हायच्या. घरी पोचेपर्यंत माणूस इतका शिणलेला असायचा की त्याला झोपही लागायची नाही. एक दिवस जरा बरा गेला की पुन्हा गाडीत बसायचं.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरचा एक वन बीएचके त्यांनी बघितला होता. मालक मुलाकडे बडोद्याला कायमचे चालले होते. महिनाअखेरीपर्यंत पूर्ण रक्कम हवी, नाहीतर दुसरा खरेदीदार तयार आहे, असं त्यांनी करारातच लिहून घेतलं होतं. मंजुरीच्या दिवशी दामोदरभाऊ शाखेत आले होते. त्या दिवशी त्यांनी तोंडातून एकच प्रश्न काढला. "तितून चालत जाता येतं ना?" मी हो म्हटलं.

तर फाईल लाल का झाली? आमच्याकडे कर्ज मंजूर करताना एकदा आणि पैसे देण्याआधी एकदा, असा दोनदा क्रेडिट रिपोर्ट काढतात. मधल्या काळात माणसाने आणखी चार कर्जं काढली नाहीत ना, हे बघायला. पहिल्या वेळी सुगंधाताईंचा स्कोअर सातशे सत्तरच्या पुढे होता. आता सहाशे ऐंशीच्या आसपास. आमची रेघ सातशेवर.

मी रिपोर्ट वाचत गेले. नवीन कर्ज नाही. हप्ता चुकलेला नाही. मग दिसलं. त्यांच्याकडे दोन क्रेडिट कार्डं होती. मोठ्या लिमिटचं जुनं कार्ड कंपनीने बंद केलं होतं. ग्राहकाने नाही, कंपनीने.

"ताई, तुमचं कार्ड बंद झालंय, माहितेय तुम्हाला?"

"हां, ता दिवालीलाच झाला बंद," त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी बघतच राहिले. "मशीन घेईना. मंग मी दुसरा चालू केला. येक बंद तं दुसरा. पन मी येक पै कोनाची ठेवली नाय, म्याडम. बिल यायच्या आदी भरतं मी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचा? त्यांचा कार्ड, त्यांनी बंद केला. आपला काय गेला?"

त्यांचं काय गेलं ते मी त्यांना पाण्याच्या पिंपावर समजावलं. घरात चार पिंपं पाणी आहे आणि तुम्ही एक पिंप वापरता, तर बघणारा म्हणतो की बाई जपून वापरते. कुणीतरी तीन पिंपं उचलून नेली. तुम्ही वापरता तेवढंच, एकच पिंप. पण आता बघणारा म्हणतो की हिच्या घरात पाण्याचा थेंब उरत नाही. क्रेडिट स्कोअरचं तसंच आहे. एकूण लिमिटपैकी तुम्ही किती वापरता, याला युटिलायझेशन म्हणतात. जुन्या कार्डाचा चांगला इतिहास रिपोर्टमधून लगेच पुसला जात नाही, पण त्याचं लिमिट मात्र त्या दिवसापासून संपतं. सुगंधाताईंचा सगळा खर्च आता छोट्या कार्डावर आला होता आणि ते कार्ड काठोकाठ भरलेलं दिसत होतं.

"आनि चेक?" त्यांनी विचारलं.

"आज नाही."

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "त्यांना फोन लावा. इचारा, का बंद केला."

फोन लावला. स्पीकरवर. बरीच बटणं दाबून झाल्यावर आणि जन्मतारखेपासून आईच्या नावापर्यंत सगळं सांगून झाल्यावर एका मुलाचा आवाज आला. "मॅम, आपका कार्ड इंटर्नल पॉलिसी के तहत बंद किया गया है."

"कौनसी पॉलिसी?" मी विचारलं.

"इंटर्नल, मॅम."

"वो क्या कहती है?"

"वो इंटर्नल है, मॅम. आपको ईमेल भेजा गया था."

ईमेल पूनमच्या कॉलेजच्या वेळच्या पत्त्यावर गेला होता. तो पत्ता ती कधीच विसरली होती. संध्याकाळी तिने पासवर्ड कसाबसा बदलून तो उघडला, तर त्यातही हेच. इंटर्नल पॉलिसी. मी तिला कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी विचारायला सांगितलं. कारण विचारायचा ग्राहकाला हक्क असतो आणि तो वापरावा. उत्तर यायला वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी.

दळवी सर आमचे मुंबईचे क्रेडिट हेड. त्यांना फोन केला. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याशी बोलताना आपण कायम तोंडी परीक्षेला बसलोय असं वाटतं.

"वैशाली, कार्ड इश्युअर स्वतःहून बंद करतो तेव्हा त्याला काहीतरी वास आलेला असतो," ते म्हणाले. "तुला आला का?"

"सर, पेमेंट हिस्ट्री एकदम क्लीन आहे. एक दिवस उशीर नाही."

"मग का बंद करेल? त्यांना धंदा नकोय का? महिन्याला किती स्वाइप होतात?"

"रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, सर."

"मग जाऊन बघ. फ्रेश पीडी कर."

पीडी म्हणजे पर्सनल डिस्कशन. गिऱ्हाइकाच्या घरी किंवा धंद्याच्या जागी जायचं, बसायचं, बोलायचं आणि आजूबाजूला बघायचं. आधीची पीडी आमच्या एका ज्युनिअरने केली होती, त्यांच्या घरी, चहा पीत. बंदरावर कुणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करंजाला गेले. बोटी लागल्या होत्या. लिलाव जोरात होता. सुगंधाताई साडीचा पदर खोचून टोपल्यांच्या गराड्यात उभ्या होत्या आणि आमच्या एसी ऑफिसात खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसणारी बाई हीच, हे मला क्षणभर पटेना. त्यांनी हातानेच मला थांबायची खूण केली. मी बाजूला झाले आणि सावलीसाठी एका दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

दुकान जाळी, दोरखंड, इंजिन ऑइल आणि बोटीवर न्यायच्या रेशनचं. बोट दर्यावर निघताना इथूनच सामान भरते. दुकानदार एका खलाशाचं सामान काढत होता. तेलाचे डबे, तांदळाची गोणी, दोरीची भेंडोळी. हिशोब झाला.

"कशावर घालू?" दुकानदाराने विचारलं.

"सुगंधेचा कार्ड घे ना."

दुकानदाराने गल्ला उघडला. आत नोटांच्या बाजूला एक क्रेडिट कार्ड पडलेलं होतं. त्याने ते मशीनला लावलं आणि मशीन खलाशापुढे केलं. त्याने खटाखट पिन दाबला. सामान गेलं. मागे दुसऱ्या बोटीचा माणूस उभाच होता. त्याचंही सामान निघालं आणि त्यानेही पिन दाबला.

मी त्या दुसऱ्या माणसाला विचारलं, "दादा, हा पिन तुम्हाला कसा माहीत?"

"दामूदादाच्या जुन्या बोटीचा नंबर हाय ता," तो म्हणाला. "सगल्यांनाच म्हाईत हाय."

मी तिथेच पायरीवर बसले. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की पिन नवऱ्यालाही सांगू नका. इथे अख्ख्या धक्क्याला पाठ होता.

लिलाव संपल्यावर सुगंधाताई आल्या. मी कार्डाबद्दल विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. बोटीला निघताना सामान लागतं आणि हातात पैसा नसतो. पैसा येतो मासळी आल्यावर. म्हणून इकडे रीत अशी की मासळी घेणारी व्यापारी बाई बोटीला आधी उचल देते आणि ती बोट माल तिलाच घालते. सुगंधाताईंच्या सासूबाई रोख द्यायच्या. सुगंधाताई कार्ड देत होत्या. बोट परत आली की पैसे चुकते व्हायचे आणि त्याच दिवशी त्या ते कार्डात भरायच्या. व्याज नाही, कमिशन नाही. मोबदल्यात मासळी.

"म्हणजे महिन्यातून किती वेळा भरता?"

"बोट येल तवा. कवा चारदा, कवा सहादा."

आता मला त्या इंटर्नल पॉलिसीचा उलगडा झाला. कार्ड कंपनीच्या कॉम्प्युटरला काय दिसत असेल ते बघा. घरगुती वापराचं कार्ड. सगळे स्वाइप एकाच दुकानात. लिमिट भरतं, लगेच रिकामं होतं, पुन्हा भरतं. एका महिन्यात लिमिटच्या कितीतरी पट उलाढाल. दुकानदाराशी संगनमत करून खोटी खरेदी दाखवायची आणि कार्डातून रोख काढून फिरवायची, असले धंदे करणारे लोक असतात. त्यांचं कार्ड अगदी असंच दिसतं. शिवाय पर्सनल कार्ड धंद्याला वापरायचं नाही, हे कार्ड घेतानाच्या अटींमध्ये असतं. त्या अटी कुणी वाचत नाही. बाईंनी जितक्या वेळेवर पैसे भरले, तितका संशय वाढला.

माझं डोकं फिरलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. "ताई, तुम्हाला काही कळतं का? उद्या कुणी या कार्डावर वाटेल ते घेतलं आणि बोट घेऊन गुजरातला गेला तर? देणं तुमच्या नावावर. घर राहिलं बाजूला, तुम्ही रस्त्यावर याल."

"असा कोन करेल?" त्या म्हणाल्या. "सगली घरातली मान्सा हायत."

"कॉम्प्युटरला घरातली माणसं कळत नाहीत."

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर चुकला असंही मला म्हणता येत नव्हतं.

मग मी त्यांना काय करायचं ते सांगितलं. कार्डाच्या दोन तारखा असतात. एक बिल बनायची आणि एक पैसे भरायची. सगळ्यांचं लक्ष भरायच्या तारखेवर असतं. पण क्रेडिट ब्युरोला, म्हणजे आपला स्कोअर ठेवणाऱ्या संस्थेला, साधारण बिल बनतं त्या वेळची बाकी कळवली जाते. नंतर तुम्ही सगळं भरलंत तरी त्या दिवशीचा फोटो काढून झालेला असतो. सुगंधाताईंच्या कार्डावर कुणाची ना कुणाची बोट कायम बाहेर असायची, त्यामुळे प्रत्येक फोटोत कार्ड भरलेलंच. पुढची बिलाची तारीख महिनाअखेरीच्या जरा आधी होती. तोपर्यंत बाहेरच्या बोटी परत येऊन पैसे भरले गेले आणि मध्ये एकही नवीन स्वाइप झाला नाही, तर फोटो रिकामा निघाला असता. कंपन्या हल्ली ब्युरोला लवकर लवकर कळवतात. नशीब असतं तर महिना संपायच्या आत स्कोअर वर आला असता.

"येकही नाय?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही. कुणालाही नाही."

"मंग बोटी दुसरीला माल घालतील. सीझन हाय."

"घालतील कदाचित."

त्यांना हे मान्य करणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मला वाईट वाटलं, पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. मग त्या दुकानात गेल्या, गल्ला उघडायला लावला, कार्ड घेतलं आणि कमरेच्या पिशवीत घातलं.

नेमका तेव्हाच जयवंत आला. दामोदरभाऊंचा धाकटा भाऊ. बंदरातली सगळ्यात मोठी बोट त्याची, आणि सुगंधाताईंचा निम्मा माल त्याच्याच बोटीचा.

"वहिनी, भरती सुटंल आता. कार्ड दे, सामान भरायचा हाय."

"नाय."

"नाय म्हंजे?"

"नाय म्हंजे नाय. ह्या महिन्यात कोनालाच नाय."

जयवंतला आधी गंमत वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "आनि मना पन नाय?"

"तुला पन नाय."

"मंग ह्या फेरीची मासली मी दुसरीकडं घालीन."

"घाल."

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. जयवंतने माझ्याकडे बोट केलं. "ही कोन?"

"ब्यांकवाली हाय," सुगंधाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पनवेलला घर घेताव आमी. तुज्या भावाला डायलिसिसवरना आल्यावर झोपाय मिलत नाय. गाडीतच जीव जातो त्याचा. म्हनून."

जयवंतला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तांडेल गाव सोडून चाललाय, ही बातमी दामोदरभाऊंनी अजून सख्ख्या भावालाही दिली नव्हती, आणि ती आता अशी भर धक्क्यावर फुटली. खिशात होते तेवढे रोख पैसे काढून जयवंतने दुकानदारापुढे टाकले, त्यात आलं तेवढं सामान उचललं आणि गेला.

मी ऑफिसला परतून नोट लिहिली. जे पाहिलं ते सगळं. कार्ड गल्ल्यात, पिन सगळ्यांकडे, वापर धंद्यासाठी. सेल्सचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एवढं कशाला लिहिता? फाईल मारायची आहे का?" मी त्याला सांगितलं की मी लिहिलं नाही आणि उद्या कुणी विचारलं, तर उत्तर मला द्यायचंय, तुला नाही.

दळवी सरांचा फोन आला. "म्हणजे ही बाई सावकारी करते?"

"नाही, सर. व्याज घेत नाही. मासळी घेते."

"आणि मासळीचे पैसे देते?"

"लिलावाच्या भावाने."

"हे धंद्याचं खेळतं भांडवल झालं, वैशाली. चुकीच्या कार्डावर केलेलं."

"हो, सर."

"नोट चांगली आहे. पण स्कोअर सातशेच्या खाली असताना मी सही करणार नाही. वर आण, मग बघतो. आणि यापुढे कार्ड दुसऱ्याच्या हातात देणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घे."

मग वाट बघण्याचे दिवस. आमच्यासारख्या कंपनीने रिपोर्ट काढला की त्याचीही नोंद होते आणि फार वेळा काढला तर स्कोअर आणखी उतरतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर काही होत नाही. म्हणून मी ते काम पूनमला दिलं. ती रोज सकाळी आईच्या नावाने बघायची आणि मला मेसेज करायची. "तेवढाच." दुसऱ्या दिवशी, "तेवढाच." मी चिडून तिला सांगितलं की बदलला तरच कळव. तरी ती रोज कळवत राहिली. मीही रोज बघत राहिले.

बाहेरच्या बोटी एक एक करून आल्या. पैसे भरले गेले. बिल बनलं तेव्हा कार्डावर बाकी शून्य होती. तरीही ब्युरोत जुनाच फोटो. इकडे फ्लॅटच्या मालकांनी सामान बांधायला घेतलं होतं. मी त्यांना एकदा फोन केला. ते सज्जनपणे म्हणाले, "मॅडम, माझा त्यांच्यावर राग नाही. पण माझं बडोद्याचं तिकीट काढलेलं आहे." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एखाद्या फाईलीपायी माझी झोप जाण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण अशा वेळा फार नाहीत.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी पूनमचा मेसेज आला. नुसता आकडा. ७०४.

मी आमच्या सिस्टीममधून रिपोर्ट काढला. फाईल लालची पिवळी झाली. दळवी सरांना फोन लावला.

"सातशे चार," ते म्हणाले. "काठावर पास."

"पास म्हणजे पास, सर."

ते हसले बहुतेक. त्यांच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही. दुपारी फाईल हिरवी झाली आणि चेक निघाला. सुगंधाताई चेक घ्यायला आल्या त्या सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन. गिऱ्हाइकाकडून भेट घ्यायची नाही असा आमचा नियम आहे. मी पिशवी परत केली. पण तोवर एसीने वास सगळ्या शाखेत पोचवला होता आणि दोन दिवस लोक माझ्याकडे संशयाने बघत होते.

एवढ्यावर सगळं गोड झालं, असं मात्र नाही. त्या महिन्यात सुगंधाताईंना माल घालणाऱ्या तीन बोटी दुसऱ्या व्यापारी बाईकडे गेल्या. त्यातली एक परत आली. जयवंतची नाही आली. घर लावायच्या दिवशी तो करंजाहून टेम्पो घेऊन आला, भावाचा पलंग त्याने स्वतः उचलून आत नेला, भावाजवळ बसला, वहिनीशी अवाक्षर न बोलता गेला. मासळी तो सीझनभर दुसरीकडेच घालत राहिला. सुगंधाताईंनी माझ्या सांगण्यावरून बँकेत धंद्याचं खातं काढलं आणि त्यावर उचल मागितली. ती मिळायला वेळ लागणार होता. कार्ड कंपनीचं तक्रारीचं उत्तरही आलं. त्यात म्हटलं होतं की इंटर्नल पॉलिसी.

कर्ज दिल्यावर काही महिन्यांनी आम्ही घर बघायला जातो. ज्या कामासाठी पैसे दिले त्याच कामाला ते लागले ना, एवढं तपासायचं. कुणी घर भाड्याने देतं, कुणी त्यात गोडाऊन करतं. मी दुपारी गेले. सुगंधाताईंनी दार उघडलं आणि बोलण्याआधी ओठावर बोट ठेवलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दामोदरभाऊ नुकतेच हॉस्पिटलमधून चालत आले होते.

आम्ही बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत होतो. तेवढ्यात सुगंधाताईंचा फोन वाजला. त्यांनी तो झटकन उचलला, आणि सवयीने स्पीकरवर टाकला. एका मुलीचा उत्साही आवाज. "मॅम, आपकी एक्सलंट पेमेंट हिस्ट्री देखकर हमने आपके लिए एक प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड रखा है. लाईफटाईम फ्री."

तिने कंपनीचं नाव सांगितलं. जिने कार्ड बंद केलं होतं, तीच कंपनी. अशा कंपन्यांमध्ये कार्ड बंद करणारा विभाग वेगळा आणि कार्ड विकणारा वेगळा. दोघांची गाठ पडत नाही.

मला वाटलं, आता सुगंधाताई त्या पोरीचा उद्धार करणार. बंदरावरचा त्यांचा आवाज मी ऐकला होता. मी कान टवकारले.

"हलू बोल, पोरी," त्या कुजबुजल्या. "घरातला मानूस झोपलाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी आमचा तपासणीचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना असतो, घराचा सध्याचा वापर. मी लिहिलं, ज्या कामासाठी कर्ज दिलं त्याच कामासाठी. आणि सही केली.